आकडा कळतो, तारीख कळत नाही



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत गणित शिकवत. म्हणून मी मुद्दाम असा विषय निवडला की ज्यात वैद्यकाइतकंच गणित आहे, आणि गणित बरोबर येऊनही रुग्णाचा प्रश्न शिल्लक राहतो. हंटिंग्टनचा आजार हा तो विषय. हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून मुलांकडे येतो, मेंदूच्या एका खोल भागातल्या पेशी हळूहळू मारतो आणि हातापायांवरचा ताबा काढून घेतो. ज्याच्या अंगात हा दोष आहे हे नक्की ठाऊक आहे, त्याच्या हालचाली कधी बिघडू लागतील हे आधी सांगता येईल का? या प्रश्नामागे जगातले नामांकित संशोधक काही दशकं लागलेले आहेत. त्यांना यश आलं आहे, आणि ते थोडंथोडकं नाही. पण ते यश कोणाच्या कामाचं आहे याबद्दल समाजात आणि थोडा डॉक्टरांतही गोंधळ आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. हे भाकीत औषधांच्या चाचण्यांसाठी फार मोलाचं आहे. एकट्या माणसाच्या हातात त्याच्या आयुष्याचं वेळापत्रक म्हणून ते ठेवणं चूक आहे.

सुरुवात 1872 पासून करू. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टन गावचा जॉर्ज हंटिंग्टन तेव्हा 22 वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला. त्याचे वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर, आणि तिघांनी मिळून त्याच गावातली तीच घराणी पाहिलेली. त्याने एक छोटा निबंध छापला. त्यात या आजाराची तीन वैशिष्ट्यं सांगितली होती: तो वंशातून येतो, त्यासोबत मन बिघडतं आणि आत्महत्येकडे कल दिसतो, आणि तो मोठेपणी प्रकट होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांना होऊ शकतो. मात्र एखाद्याला झाला नाही, तर त्याच्या पुढच्या पिढ्या सुटतात, हेही त्याने नोंदवून ठेवलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं काम जगाला पुन्हा कळायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. एकाच घराण्याचे तीन डॉक्टर एकाच गावात पिढ्यान् पिढ्या राहिले म्हणून हे निरीक्षण जमलं. आजच्या कोणत्याही यंत्राला ते एका भेटीत जमणार नाही.

पुढची गोष्ट वेक्सलर कुटुंबाची. 1968 मध्ये लिओनोर वेक्सलर यांना हा आजार असल्याचं निदान झालं. त्यांचे आधीचे पती मिल्टन मनोविश्लेषक, मुली अ‍ॅलिस आणि नॅन्सी. दोघी मुलींना प्रत्येकी निम्मी शक्यता. मिल्टन वेक्सलरांनी आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान उभं केलं आणि नॅन्सी पुढे या संशोधनाच्या केंद्रस्थानी आल्या. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत या आजाराचे रुग्ण जगात कुठेही नाहीत इतके दाट आहेत, हे अमेरिको नेग्रेते या तिथल्या डॉक्टरने 1950 च्या दशकात ओळखलं होतं. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी 1979 पासून तिथे जाऊ लागले. माणसं रक्त द्यायला कचरत. परकी डॉक्टरमंडळी, त्यांच्या सुया, कशासाठी द्यायचं रक्त? तेव्हा नॅन्सींनी आपल्या दंडावरचा व्रण दाखवला. तपासणीसाठी त्यांच्याही कातडीचा तुकडा काढलेला होता. हिच्याही घरात हा आजार आहे हे पटल्यावर लोक पुढे आले. पुढे या घराण्यांची वंशावळ 18,000 हून अधिक माणसांपर्यंत वाढली.

त्या रक्ताच्या आधारावर 1983 मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाने दोषाची जागा चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. नेमकं जनुक सापडायला आणखी दहा वर्षं गेली. 1993 च्या मार्चमध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून ते जाहीर केलं. आणि इथे गणित आत येतं.

या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं एकापाठोपाठ एक पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या-माझ्यातही येतात. 26 पर्यंत आवर्तनं असली तर काळजी नाही. 27 ते 35 असली तर त्या माणसाला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत हा आकडा वाढू शकतो. 36 ते 39 मध्ये काहींना होतो, काहींना होत नाही. 40 किंवा जास्त असली तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला तो होतोच. 60 च्या पुढे गेली तर बहुधा विशीच्या आतच होतो. वडिलांकडून येताना हा आकडा वाढण्याचा संभव जास्त, त्यामुळे कधी कधी मुलगा बापाच्या आधी आजारी पडतो.

म्हणजे आकडा जितका मोठा, आजार तितका लवकर. संबंध इतका ठळक आहे की सूत्र मांडण्याचा मोह कोणालाही व्हावा. 1997 मध्ये पेनी आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून एक साधं माप सुचवलं. आवर्तनांतून 35.5 वजा करा आणि उरलेल्याला वयाने गुणा. 42 आवर्तनांच्या चाळिशीतल्या माणसाचं उत्तर येतं 260. 44 आवर्तनांच्या तिशीतल्या माणसाचं 255. वयात दहा वर्षांचं अंतर असूनही मेंदूवर साचलेला भार जवळपास सारखा. गुरुजींनी हे फळ्यावर दोन ओळींत मांडून दाखवलं असतं.

2004 मध्ये डग्लस लँगबेन आणि सहकारी याच्या पुढे गेले. त्यांनी 40 केंद्रांतल्या 2,913 जणांची माहिती घेतली. आजार सुरू झालेले घेतले, तसेच अजून सुरू न झालेलेही घेतले. हे महत्त्वाचं, कारण फक्त रुग्ण मोजले तर उशिरा आजारी पडणारे हिशोबातून सुटतात आणि भाकीत उगाच भयंकर होतं. त्यांच्या सूत्रानुसार 42 आवर्तनं असलेल्या, आज 40 वर्षांच्या आणि लक्षणं नसलेल्या माणसाला वयाच्या 65 पर्यंत लक्षणं सुरू होण्याची शक्यता 91 टक्के. या आकड्याची खात्रीही भक्कम आहे. तो बहुधा 90 ते 93 च्या दरम्यानच असणार.

आता तो चाळिशीतला माणूस समोर बसला आहे असं समजा. त्याला 91 टक्के नको असतात. त्याला विचारायचं असतं, मुलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मी गाडी चालवू शकेन का? घराचं वीस वर्षांचं कर्ज घेऊ का? आणि इथे सूत्र गप्प बसतं. आयुर्विमा कंपनीला हजार माणसांतली किती पुढच्या वर्षी जातील ते जवळपास अचूक कळतं, कोण जाईल ते मुळीच कळत नाही, आणि तरीही तिचा धंदा नीट चालतो, कारण तिला नावांशी कर्तव्य नसतं. 91 टक्क्यांची ती खात्रीही तशीच गटाची आहे. आवर्तनांची संख्या तंतोतंत सारखी असलेल्या दोन माणसांत आजार सुरू होण्याच्या वयात दोन दशकांहूनही अधिक फरक पडलेला आढळतो.

आणि 'सुरू होणं' म्हणजे तरी काय? इथे थोडं थांबून, तपासणीच्या खोलीत काय चालतं ते पाहू. डॉक्टर रुग्णाला जीभ बाहेर काढून दहा सेकंद तशीच धरायला सांगतात. निरोगी माणसाला यात काहीच वाटत नाही. या आजारात जीभ आपोआप आत सटकते. मग अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगतात आणि लय तुटते का ते पाहतात. मान न हलवता नजर डावीकडून उजवीकडे फेकायला लावतात. डोळे उशिरा निघतात का? जाताना पापणी मिटावी लागते का? मग टेबलावर हाताचा क्रम करायचा असतो, मूठ, तळव्याची कड, उघडा तळवा, पुन्हा मूठ. शेवटी एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावत सरळ रेषेत दहा पावलं. या सगळ्याला गुण देतात, एकूण 124 पैकी, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त बिघाड. हे झाल्यावर डॉक्टर स्वतःच्या खात्रीचाही आकडा लिहितात, 0 ते 4. 'ही लक्षणं याच आजाराची आहेत' याची 99 टक्के किंवा अधिक खात्री असेल तरच 4 लिहायचा. ज्या दिवशी 4 लिहिला गेला तो आजार सुरू झाल्याचा दिवस.

म्हणजे ज्या दिवसाचं भाकीत करायला आपण निघालो, तो दिवस रुग्णाच्या मेंदूइतकाच डॉक्टरच्या मनातही उगवतो. सावध डॉक्टर सहा महिने थांबेल, दुसरा आजच 4 लिहील. रुग्ण चार महिने उशिरा आला तर आजारही कागदावर चार महिने उशिरा सुरू होतो. घरच्यांना विचारलंत तर ते तिसरीच तारीख सांगतील, कारण त्यांना चिडचिड, विसरभोळेपणा, हिशोबातले घोळ हे सारं हात हलू लागण्याच्या कितीतरी आधीपासून दिसत असतं.

हे ओळखूनच संशोधकांनी डोळ्यांवर न विसंबणारी मापं शोधली. अमेरिकेतल्या जेन पॉलसन यांच्या पुढाकाराने 'प्रेडिक्ट-एचडी' हा अभ्यास चालला. त्यात दोष असलेली पण लक्षणं नसलेली हजाराहून अधिक माणसं वर्षानुवर्षं तपासली गेली. लंडन, पॅरिस, लायडन आणि व्हँकुव्हर इथे सारा तब्रिझी यांच्या नेतृत्वाखाली 'ट्रॅक-एचडी' झाला, 366 जणांवर. मेंदूच्या आतल्या कॉडेट आणि पुटामेन या गाभ्यांचा आकार अपेक्षित सुरुवातीच्या दहा-बारा वर्षं आधीच कमी होऊ लागतो, हे त्यांनी एमआरआयवर दाखवलं. पुढे चेतातंतू झिजताना सुटणारं 'न्यूरोफिलामेंट लाइट' हे प्रथिन रक्तात मोजता येऊ लागलं. 2020 मध्ये लंडनहून आणखी एक अभ्यास आला. त्यातली तरुण मंडळी अपेक्षित सुरुवातीपासून सरासरी जवळपास 24 वर्षं दूर होती. बुद्धीच्या, स्मृतीच्या चाचण्यांत ती निरोगी तरुणांच्या बरोबरीची, आणि तरीही त्यांच्यातल्या काहींच्या मणक्यातल्या पाण्यात हे प्रथिन वाढू लागलेलं होतं.

यातून 2022 मध्ये आजाराच्या टप्प्यांची नवी मांडणी झाली. आकडा 40 किंवा जास्त, पण बाकी काही नाही, तो शून्य टप्पा. गाभा आकसल्याचं एमआरआयवर दिसलं की पहिला. हालचालींत किंवा बुद्धीत लक्षणं दिसली की दुसरा. रोजची कामं अडू लागली की तिसरा. ही मांडणी संशोधनासाठीच आहे, दवाखान्यातल्या निदानासाठी नाही, असं ती करणाऱ्यांनी स्पष्ट बजावलं आहे.

मग सारखा आकडा असलेल्या दोघांत एवढा फरक का? 2004 मध्ये व्हेनेझुएलाच्या घराण्यांवरून असा अंदाज आला की आवर्तनांनी उलगडा न होणाऱ्या फरकापैकी सुमारे 40 टक्के इतर जनुकांमुळे आहे आणि उरलेला परिस्थितीमुळे. त्या इतर जनुकांचा शोध हजारो रुग्णांच्या माहितीतून घेतला, तेव्हा जी नावं वर आली ती पाहून बरेच जण चकित झाले. ती मेंदूच्या कामाची नव्हती. ती डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं होती. 2019 मध्ये आणखी एक कोडं सुटलं. आवर्तनांच्या शेवटाजवळ बहुतेकांत सी-ए-ए हे एक वेगळं त्रिक मध्ये येतं. काहींत ते नसतं, आणि त्यांना आजार अपेक्षेपेक्षा बराच लवकर होतो. काहींत ते दोनदा असतं, त्यांना उशिरा. दोन्ही त्रिकांपासून प्रथिनात घटक तोच तयार होतो. तेव्हा वेळ ठरते ती प्रथिनाच्या लांबीवर नव्हे, डीएनएतल्या अखंड साखळीच्या लांबीवर. नेहमीच्या चाचणीत सी-ए-ए आहेच असं धरून मोजतात, त्यामुळे काहींचा अहवालातला आकडाच खऱ्यापेक्षा कमी असतो.

अखंड साखळीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर 2025 च्या जानेवारीत स्टीव्ह मॅककॅरोल यांच्या गटाकडून आलं. ही साखळी आयुष्यभर वाढत राहते, आणि ती प्रत्येक पेशीत वेगळ्या वेगाने वाढते. रक्तात 42 असलेल्या माणसाच्या मेंदूतल्या, हा आजार ज्या मारतो त्या विशिष्ट पेशींत ती दशकानुदशकं संथपणे लांबते, 80 च्या आसपास वेग घेते, आणि 150 ओलांडेपर्यंत पेशीच्या कामात उघड बिघाड दिसत नाही. त्यानंतर मात्र पेशी लवकर कोसळते. कोणती पेशी कधी 150 ओलांडेल, यात योगायोगाचा भाग मोठा. रक्ताच्या चाचणीतला आकडा हा फक्त प्रवासाचा आरंभबिंदू असतो. आता तुम्हीच सांगा, त्यावरून तारीख कशी काढायची?

मग एवढा खटाटोप कशासाठी? औषधासाठी. आज आपल्याकडे टेट्राबेनझिनसारखी औषधं आहेत, ती हालचाली आटोक्यात आणतात. आजार थांबवत नाहीत. 'टोमिनर्सेन' या औषधावर जगाची मोठी आशा होती. 2021 मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली. वारंवार डोस मिळालेल्यांची प्रकृती औषध न मिळालेल्यांपेक्षाही खालावलेली होती. पण माहिती पुन्हा चाळली तेव्हा वयाने लहान आणि भार कमी असलेल्यांत काही आशादायक खुणा दिसल्या, आणि पुढची चाचणी तशाच लोकांत योजली गेली. पेशी मेल्यावर औषध देऊन उपयोग नाही. त्या मरण्याआधी द्यायला हवं. पण लक्षणं नसलेल्या शंभर जणांना औषध दिलं आणि पाच वर्षांत एकालाही लक्षणं आली नाहीत, तर ते औषधाचं यश म्हणायचं की त्यांची वेळच दूर होती म्हणायचं? याचं उत्तर भाकीत देतं. सूत्र, एमआरआय आणि रक्तातलं प्रथिन एकत्र केलं की येत्या काही वर्षांत कोणत्या गटात बदल दिसेल हे कळतं आणि चाचणी कमी माणसांत, कमी काळात होते. तिथे नावांशी कर्तव्य नसतं, म्हणून तिथे हे गणित अचूक बसतं.

आता व्यक्तीकडे येऊ. जनुकाची चाचणी उपलब्ध होण्याआधी परदेशांतल्या पाहण्यांत जोखमीतले बहुसंख्य लोक म्हणत, आली की आम्ही करू. ती आली, आणि ब्रिटनमध्ये अशा लोकांपैकी पाचांत एकानेही ती केली नाही. हा भित्रेपणा आहे असं मला वाटत नाही. निम्म्या शक्यतेसोबत जगता येतं, माणसं जगतात. खात्रीसोबत जगणं वेगळं. ज्या नॅन्सी वेक्सलर यांच्या श्रमांतून ही चाचणी शक्य झाली, त्यांनी स्वतःबद्दलचं उत्तर वर्षानुवर्षं जगाला सांगितलं नाही. आपल्याला हा आजार आहे हे त्यांनी 2020 मध्ये जाहीर केलं, त्यांची लक्षणं लपण्यापलीकडे गेल्यावर. आणि ज्यांनी चाचणी केली ते कोसळले असंही नाही. 1999 मध्ये जगभरच्या 4,527 चाचण्यांचा आढावा निघाला. त्यात आत्महत्या, तिचा प्रयत्न किंवा मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल होणं, असं 44 जणांत घडलं, म्हणजे शेकडा एकाहून कमी. यातले पुष्कळ जण लक्षणं असलेले किंवा पूर्वी मानसिक आजार झालेले होते. ही चाचणी समुपदेशनासह झालेली होती, हे विसरायचं नाही.

आपल्या देशात हा आजार युरोपपेक्षा विरळ आहे. 2012 च्या एका जागतिक आढाव्यात युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात दर लाखामागे 5.70 आणि आशियात 0.40 असं प्रमाण निघालं. पण विरळ म्हणजे नाही असं नव्हे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये या कुटुंबांवर अनेक वर्षं काम चालू आहे. आपल्याकडची अडचण निराळी आहे. घरातल्या कोणाला हा आजार आहे हे भावी सोयऱ्यांना सांगायचं की नाही, इथपासून घोळ सुरू होतो, आणि बहुधा न सांगण्यावर संपतो. आनुवंशिक भेदभावाविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. आनुवंशिक आजारांना सरसकट वगळणारी आरोग्यविम्याची अट भेदभावाची आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं, पण न्यायालयाचा निकाल प्रत्येक घरापर्यंत पोचतोच असं नाही.

म्हणून शेवटी तीन गोष्टी मागतो. डॉक्टरमित्रांकडे पहिली: लक्षणं नसलेल्या माणसाची ही चाचणी समुपदेशनाशिवाय लिहून देऊ नका, आणि अहवाल टपालाने किंवा फोनवर कळवू नका. माणसाने कोणालातरी सोबत घेऊन समोर यावं, आणि नको वाटलं तर शेवटच्या क्षणीही परत जाता यावं. 1994 पासूनचे आंतरराष्ट्रीय दंडक हेच सांगतात. आईवडिलांकडे दुसरी: अठरा वर्षांखालच्या निरोगी मुलाची चाचणी करवून घेऊ नका. ती तुमची शंका फेडेल, पण मोठेपणी जाणून न घेण्याचा त्याचा हक्क त्याच वेळी काढून घेईल. तिसरी मागणी अशा कुटुंबांकडे, आणि ती जरा अवघड आहे. चाचणी करा किंवा करू नका, पण संशोधनासाठी नाव नोंदवायची संधी मिळाली तर नोंदवा. भारतीय कुटुंबांची माहिती नसेल तर भारतीय रुग्णांसाठीची भाकितं परदेशी आकड्यांवरच बेतलेली राहतील. आणि एखाद्याने तुम्हाला तुमच्या आकड्यावरून वर्ष काढून दिलं, तर ते कागदावरून खोडून टाका. तसं वर्ष आज कोणालाही काढता येत नाही.